कचऱ्याच्या गाण्यातला मागचा आवाज

आमच्या गल्लीत येणाऱ्या घंटागाडीवरचं गाणं बंद करावं, असा जो अर्ज गेला, तो मी लिहिला होता. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. अर्जावर गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या घरांच्या सह्या आहेत. माझीही आहे, पण ती दुसऱ्याच्या सहीखाली.

ते गाणं ऐकून लोक खरोखरच वैतागले होते. सकाळी गाडी कोपऱ्यावर आली की भोंगा सुरू व्हायचा. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, पेठ कशी स्वच्छ ठेवायची, सगळं मिळून चार ओळी. संपल्या की परत त्याच. समोरच्या काकू बादली घेऊन बाहेर यायच्या त्या बडबडतच, "आलं बाई रडगाणं! एक दिवस ह्या भोंग्यालाच सुक्या कचऱ्यात घालते बघा."

गाणं म्हटलं होतं माझ्या मित्रानं. तो चार घरं सोडून राहतो. गुरुवारच्या भजनात आम्ही तरुणपणापासून शेजारी बसायचो, ओळ मात्र तोच घ्यायचा. भागातल्या एका पुढाऱ्याला गाडीसाठी आवाज हवा होता, तेव्हा भजनी मंडळानं आम्हा दोघांनाही पाठवलं. रेकॉर्डिंगवाल्यानं आधी माझं ऐकलं, मग त्याचं. कानावरचा हेडफोन काढून मला म्हणाला, "दादा, तुम्ही मागं धरा."

धरलं. प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द त्याच्या मागून मी म्हणतो. त्यानं 'वेगळा' म्हटलं की मागून माझं 'वेगळा'. मग रोज सकाळी हातात बादली घेऊन मी रस्त्यावर उभा, आणि भोंग्यातून मीच माझ्या मित्राच्या मागं.

लोक गाण्याला नावं ठेवायचे तेव्हा मला बरं वाटायला हवं होतं. तसंही झालं नाही. कारण चेष्टा व्हायची ती त्याची. त्यात आणखी एक आवाज आहे, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. शिव्यासुद्धा सगळ्या त्याच्याच वाट्याला.

पुढं त्याच्या मुलीचा साखरपुडा झाला. मुलाकडची मंडळी बिद्री गावची. जेवणं उरकल्यावर मुलाचे चुलते उठले आणि मोठ्यांदा म्हणाले, "पावणं, ते तुमचं कचऱ्याचं गाणं म्हणा की!"

"अवो, आत्ताच जेवलाय न्हवं? कचरा कशाला मधी?"

"म्हणा ओ! आमच्या घरात समद्यांच्या मोबाईलवर हाय."

हॉल हसला. तो लाजला, मग मांडीवर ठेका धरून म्हणाला. भोंग्याची खरखर नव्हती, गाडीची घरघर नव्हती. नुसता त्याचा आवाज. किती दिवसांनी मी तो नीट ऐकला! दुसऱ्या ओळीला काकू टाळ्या वाजवायला लागल्या. हो, त्याच काकू. माझी बायको डोलत होती. मी शेवटच्या खुर्चीवर होतो, आणि ओळ संपताच माझ्या तोंडून आपोआप 'वेगळा' गेलं. त्यानं ते तेवढ्या गोंधळात ऐकलं. हात करून म्हणाला, "मर्दा, मागं काय बसलायस? पुढं ये की!"

गाडी आडवी लागलीय, बघून येतो, असं सांगून मी बाहेर गेलो तो परत आलोच नाही.

सोमवारी शाहूपुरीत गेलो. आपल्या भागात नको म्हणून मुद्दाम तिकडच्या टायपिंगच्या दुकानात. लहान मुलं झोपेतून उठतात, आजाऱ्यांना त्रास होतो, परीक्षेच्या दिवसांत मुलांचं लक्ष लागत नाही. एवढं सगळं खरं होतं, आणि पुरेसंही होतं. तरी मी शेवटी एक ओळ घालायला लावली : 'तसेच गायकाचा आवाज कर्कश व बेसूर आहे.'

टायपिंगवाल्यानं विचारलं, "ही ओळ ठळक करू काय?"

"करा," म्हणालो.

कागद काकूंच्या दारातल्या पेपरात सरकवून दिला. काकूंनी तो स्वतःचाच असल्यासारखा हाती घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी आली, सगळे बादल्या घेऊन बाहेर. काकू ड्रायव्हरला ओरडल्या, "ए, बंद कर जरा ते!" आणि खड्या आवाजात अर्ज वाचायला लागल्या. पुढं काय आहे ते आधी बघितलेलं नसावं. ठळक ओळीवर आल्या, ती वाचून झाली, आणि मग घाईनं कागदाची घडी घालायला लागल्या. मित्र तिथंच उभा होता.

"बरोबर लिवलंय की," तो म्हणाला. "आणा पेन."

सही केली. मग माझ्याकडं वळून, "तू केलीस?"

"अजून न्हाय."

"मग कर की," म्हणून पेन त्यानंच माझ्या हातात दिलं. मी त्याच्याखाली सही केली. आणि खरं सांगतो, ज्या सहजपणानं त्यानं ती सही केली, त्याचाही मला हेवा वाटला.

पंधरा दिवसांत भोंगा गेला. आता नुसती घंटा वाजते. गल्ली खूश आहे, त्या गाण्याची आठवण कुणी काढत नाही.

सह्या झाल्या त्याच आठवड्यात, गुरुवारी भजनाला तो म्हणाला, "घसा धरलाय, तू घे." पुढच्या गुरुवारीही घसा धरलेलाच होता. तेव्हापासून पेटीशेजारी त्याच्या जागी मी बसतो. मला हवी होती ती हीच जागा. तो मागं टाळ वाजवतो. माझी ओळ संपली की शेवटचा शब्द बाकीचे उचलतात. त्याचे ओठ हलत नाहीत. मला मात्र गाताना त्याच्याच आवाजाची वाट बघायची सवय लागली आहे. मुलीच्या लग्नातही बिद्रीच्या पाहुण्यांनी आग्रह केला, तेव्हा हसून म्हणाला, "बेसूर माणसाला कशाला पिडताय?" शब्द त्यानं जपून ठेवला आहे. मी दिलेला.

ती ओळ खोटी होती, ती मी लिहिली, आणि तो माझ्यापेक्षा चांगला गातो. एवढं त्याच्या तोंडावर सांगायचं मी देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.