पुरावा फक्त मावशीचा

"बंद कर ते. पोरं आत आहेत."

काकूंनी रिमोट उचलला आणि टीव्हीच बंद केला. मी बोलत होते. वाक्य अर्धं तोंडात. समोर घरभर मराठी माणसं काळ्या पडद्याकडे बघत बसलेली.

अमेरिकेत, जर्सी सिटीतला उंच बिल्डिंगमधला फ्लॅट. काकू नात्यातल्या नाहीत, इथेच ओळख झालेल्या; त्यांच्याकडे दर महिन्याला मराठी मंडळी जमतात. मी इथे कलेच्या इतिहासात पीएचडी करते. दोनशे वर्षांपूर्वी स्पेनमध्ये युद्ध झालं. शिपायांनी बायकांवर बलात्कार केले. तिथल्या एका चित्रकाराने ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलं. हाच माझा विषय. काकूच म्हणाल्या होत्या, "ये ना, आमच्या ग्रुपला प्रेझेंट कर. प्राउड वाटतं गं."

केलं प्रेझेंट. टीव्हीवर एक चित्र लावलं. कमानीखाली शिपाई एका बाईला ओढतोय. बाजूला तान्हं मूल जमिनीवर रडतंय. एका ताईंनी डोळे पुसले. टिश्यूचा बॉक्स सोफ्यावरून सोफ्यावर फिरला. काकू म्हणाल्या, "काय भोगलं असेल गं बिचाऱ्यांनी!" मला बरं वाटलं. येडी मी! वाटलं, ही माणसं ऐकतील.

मग बँकेत काम करणाऱ्या एका काकांनी विचारलं, "पण तुला हा विषय सुचला कसा?"

मी खरं ते सांगितलं. माझी मावशी. परभणीकडचं गाव. जयंतीची मिरवणूक पहिल्यांदा वरच्या आळीतून नेली, तेव्हा निळा झेंडा तिच्या हातात होता. पुढच्याच आठवड्यात गावातल्या चौघांनी तिला दिवसाढवळ्या रस्त्यावरून ओढत नेलं. लोकांनी बघितलं आणि दारं लावून घेतली. त्या मावशीने मला वाढवलं.

काका म्हणाले, "पण पोलीस केस झाली होती का? म्हणजे, काही प्रूफ?"

प्रूफ! स्पेनच्या बायांचं प्रूफ मागितलं होतं कुणी? त्यांच्यासाठी एका माणसाने काढलेलं चित्र पुरलं. माझ्या मावशीला मात्र सातासमुद्रापलीकडे पुन्हा ठाण्याच्या पायरीवर उभं केलं. "केस घेतलीच नाही. हाकलून दिलं तिला," मी म्हणाले. त्या चौघांबद्दल पुढे बोलायला लागले, तेवढ्यात टीव्ही बंद झाला. पोरं तर सुरुवातीपासून आतच होती, आयपॅड घेऊन. स्पेनच्या वेळी कुणाला आठवली नाहीत.

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगं, ते युद्ध होतं. आपल्याकडे कुठे होतं युद्ध? इथे तरी कास्ट आणू नकोस बाळा. चला, पॅटीस गार होतायत."

अंगाची लाही लाही झाली. शाळेत, कॉलेजात, पुण्याच्या मेसमध्ये, असल्या प्रत्येक 'बाळा'पुढे मी मान खाली घातली होती. त्या दिवशी नाही घातली. त्यांचा हात खांद्यावरून काढला.

"युद्ध नव्हतं काकू. बाजाराचा दिवस होता. लोक भाजी घेत होते."

प्लेटा वाजायला लागल्या. डोळे पुसणाऱ्या ताई चटणी वाढत होत्या. मी लॅपटॉप उचलला आणि न जेवता निघाले.

दुसऱ्या दिवशी काकूंचा मेसेज आला. "राग मानू नकोस. पण नावं वगैरे कुठे लिहू नकोस हं. त्यांचीही फॅमिली असते."

फॅमिली! मावशी काय आभाळातून पडली होती?

तिला फोन केला, सगळं सांगितलं. ती कोरडं हसली. म्हणाली, "लिही की. माझंबी नाव लिही, त्या चौघायचंबी लिही. मला कशाची लाज?"

त्या स्पॅनिश चित्रकाराने ती चित्रं जिवंतपणी बाहेर काढलीच नाहीत. तो मेला, आणि कितीतरी वर्षांनी जगाने ती पाहिली. तोवर शिपाईही मरून गेले होते. सुटले.

माझी मावशी जिवंत आहे. ते चौघेही जिवंत आहेत, एक तर सरपंच झालाय. मी कुणाच्या मरणाची वाट बघणार नाही. चौघांची नावं लिहिणार, आडनावासकट, गावासकट. आधी मराठीत, मग इंग्रजीत. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येतंय तोवरच.