भिंगबाईंची दहा मिनिटं

वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत माझी एकतीस वर्षं गेली. कागदोपत्री माझा हुद्दा प्रयोगशाळा परिचर. प्रत्यक्षात भांडी धुवायची, बिया भिजत घालायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवायचे आणि पोरांनी फोडलेल्या काचा वेचायच्या. मुलं मला मावशी म्हणतात. प्राध्यापकही मावशीच म्हणतात, त्यातले दोघं तर माझ्याहून वयाने मोठे आहेत. एवढ्या वर्षांत चौदा-पंधरा शिकवणारे आले आणि गेले. बहुतेकांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. या एका बाईंबद्दल सांगते, कारण त्यांच्या जाण्यात माझा हात आहे.

त्या आल्या तेव्हा बेचाळीस वर्षांच्या होत्या. नऊ वर्षं तीन कॉलेजांत वर्षावर्षाच्या करारावर काढलेली. म्हणजे सुट्टी लागली की पगार बंद, आणि पुढचं पत्र येईपर्यंत जीव टांगणीला. आमच्याकडे मात्र जागा कायम होणारी होती. दोन वर्षं काम बघायचं, मग बाहेरून समिती येणार, आणि तिने हो म्हटलं की बाई कायम. विभागप्रमुखांनी पहिल्याच दिवशी हे माझ्यासमोर सांगितलं. बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग पिशवीतून एक खोका काढला. त्यात हातात धरायची चाळीस भिंगं होती, स्वतःच्या पैशाने आणलेली. आठवडाभरात मुलांनी त्यांचं नाव भिंगबाई ठेवलं.

त्यांची पद्धत अशी. मुलं आली की फोन एका ट्रेमध्ये ठेवायचे. प्रत्येकासमोर पांढरा कागद, त्यावर घेवड्याची एक बी, नाहीतर एखादं पान. दहा मिनिटं पेन उचलायचं नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. आधी साध्या डोळ्यांनी, मग भिंगातून. मग डोळे मिटायचे आणि मिटल्यावर काय काय दिसतंय ते आठवायचं. डोळे उघडून पहिली ओळ लिहायची ती आपण काय चुकीचं आठवलं त्याची.

मला हे थेर वाटले. खोटं कशाला बोलू? दहा मिनिटं मी भांडं वाजवायचं नाही, नळ सोडायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही. माझ्याच राज्यात मी चोरासारखी उभी. पहिल्या आठवड्यात मागच्या बाकावरचा एक जण चक्क घोरायला लागला. एका मुलीने लिहिलं, "बी माझ्याकडे बघते आहे असं वाटलं आणि भीती वाटली." मी ते चहाच्या वेळी ऑफिसात सांगितलं आणि सगळे पोट धरून हसले.

बाई मात्र ढिम्म. एकदा मी विचारलंच, "मॅडम, याने परीक्षेत काय मिळणार पोरांना?"

"मला पूर्ण मार्क मिळाले होते मावशी," त्या म्हणाल्या. "शेवटच्या वर्षी समोर पान ठेवलं होतं. मी पाठ केलेली आकृती काढली. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, त्या पानाला कीड होती, अर्धी कड खाल्लेली होती. मी ते पान बघितलंच नव्हतं. तपासणाऱ्यांनीही नसणार."

"मग मिळाले ना मार्क? झालं तर."

दुसऱ्या दिवशी वर्ग सुरू झाला तेव्हा माझ्यासमोरही एक कागद आणि एक बी आणून ठेवली. वर्गासमोर नाही कसं म्हणणार! बसले. पहिली पाच मिनिटं घरी डाळ आहे की संपली याचा विचार केला. मग करायला दुसरं काही नव्हतं म्हणून बघितलं. बीच्या पोटाशी एक बारीक पांढरट व्रण होता, शेंगेला चिकटलेली असते तिथला. इतकी वर्षं मी ट्रे भरभरून बिया भिजत घातल्या, तो व्रण मला कधी दिसला नव्हता. मी कुणाला सांगितलं नाही, पण त्या दिवसापासून दहा मिनिटांच्या आधीच नळ घट्ट बंद करून ठेवायला लागले.

त्यांच्या घरी मी एकदाच गेले, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पोचवायला. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भाड्याच्या. वडील खुर्चीत बसलेले. मेंदूला झटका येऊन गेल्यापासून त्यांना एकेक शब्द काढायला दोन-दोन मिनिटं लागत. मला बघून त्यांनी तोंड उघडलं, "प..." आणि अडकले. मी चटकन म्हटलं, "पाणी हवंय का काका?" त्यांनी नाही अशी मान हलवली. बाई काही न बोलता त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. घाई नाही, मदत नाही. शेवटी काका म्हणाले, "पंखा." मला घाम आलेला त्यांनी बघितला होता. खाली उतरताना बाई म्हणाल्या, "कायम झाले ना मावशी, की बाबांना बोलायला शिकवणारी बाई रोज लावणार आहे. आता महिन्यातून एकदाच परवडते." मागणं काही डोंगराएवढं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी समितीची तारीख आली आणि घोडं अडलं ते जर्नलांपाशी. प्रयोगाच्या वहीला आम्ही जर्नल म्हणतो. वर्षाचे प्रयोग चौदा. बाईंच्या पद्धतीने वेळ लागायचा, त्यामुळे झाले होते अकरा. विभागप्रमुखांनी बाईंना बोलावून घेतलं.

"जर्नल अपूर्ण असेल तर यंदा विसरा. समिती दुसरं काही बघत नाही."

"झालेत ते दाखवू सर. तीन राहिलेत, त्यांच्या तारखा सांगू."

"बघा बुवा. मी सांगायचं काम केलं."

आता आमच्या लाइनीत एक रीत आहे, आणि ती सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणी आली की राहिलेले प्रयोग मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवून घ्यायचे. तारखा बदलायच्या, 'तपासले' असा शिक्का मारायचा आणि मोकळं व्हायचं. मी तीस वर्षं हे बघत आले, कुणाचं काही वाकडं झालं नाही. बाई हे करणार नाहीत हे मला माहीत होतं. त्यांचा हात दगडाखाली आणि वर तत्त्वाचा हट्ट. मला राग आला, खरंच आला. दोन खोल्यांतली ती खुर्ची डोळ्यांपुढून जाईना.

समितीच्या आधी दोन दिवस बाई दुसऱ्या कॉलेजात पेपर तपासायला गेल्या. मी वर्ग गोळा केला. मागच्या वर्षीच्या पहिल्या नंबरच्या मुलीचं जर्नल माझ्या कपाटात होतं. ते उघडलं आणि तीन प्रयोग घडाघडा सांगत सुटले. बत्तीस मुलं खाली माना घालून लिहीत होती. बी भीतिदायक वाटलेल्या त्या मुलीने विचारलं, "मावशी, मॅडमना विचारलंय का?"

"मॅडमचं मी बघते. तू लिही. आणि त्यांच्यापाशी कुणी तोंड उघडायचं नाही, त्यांच्याच भल्याचं आहे."

संध्याकाळी बत्तीस जर्नलांवर मीच शिक्के मारले. शिक्का माझ्याच खणात असतो. गठ्ठा कपाटात ठेवून कुलूप लावलं. विभागप्रमुखांना सांगितलं, चौदाच्या चौदा झालेत. त्यांनी कसे ते विचारलं नाही. घरी जाताना मला अगदी हलकं वाटत होतं.

समितीत तिघे होते. मुख्य एक वयस्कर गृहस्थ, उंच, थोडे वाकलेले, आवाज मऊ. ते वर्गात मागे बसले. बाईंनी नेहमीसारखं पान दिलं. एक पान त्या गृहस्थांनी स्वतःसाठीही मागून घेतलं आणि दहा मिनिटं मुलांबरोबर बघत बसले. मग मुलांनी काय चुकलं ते वाचून दाखवलं. घोरणारा मुलगा म्हणाला, "मला शिरा समोरासमोर आठवत होत्या, त्या एकाआड एक आहेत." गृहस्थ म्हणाले, "माझंही तेच चुकलं." सगळा वर्ग हसला. मी सिंकपाशी उभी होते. मला वाटलं, मिळाली. बाईंना जागा मिळाली.

मग विभागप्रमुख म्हणाले, "जर्नलंही बघा सर. चौदाच्या चौदा पूर्ण आहेत."

बाईंनी चमकून त्यांच्याकडे बघितलं. काही बोलणार तोवर गृहस्थांनी वरचं जर्नल उचलून शेवटी उघडलं. वाचलं. दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. मग शांतपणे विचारलं, "मॅडम, यंदा इथली पाण्याची टाकी फुटली होती का?"

टाकी मागच्या वर्षी फुटली होती. त्या पहिल्या नंबरच्या मुलीने बिया उगवण्याच्या प्रयोगात प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'चौथा दिवस: टाकी फुटल्याने प्रयोगशाळेत पाणी, नोंद घेता आली नाही.' मी ते घडाघडा वाचून दाखवलं आणि बत्तीस जणांनी उतरवून घेतलं. मक्षिकास्थाने मक्षिका. ते पाणी मी स्वतः गुडघ्यावर बसून दोन तास उपसलं होतं, आणि तरी वाचताना माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

बाईंनी जर्नल हातात घेतलं. पान बघितलं, शिक्का बघितला. बराच वेळ बघितला.

"नाही," त्या म्हणाल्या. "यंदा टाकी फुटली नव्हती. हे तीन प्रयोग या वर्गाने केलेले नाहीत."

"मग हे कुणी लिहवून घेतलं?"

मुलांच्या माना खाली. विभागप्रमुख खिडकीबाहेर बघायला लागले. बाईंनी मान वर केली आणि त्या गप्प उभ्या राहिल्या. माझ्या हातात ओली बीकर होती. 'मी' एवढा एकच शब्द होता. पेन्शनला दोन वर्षं चार महिने होते, आमचे हे घरी बसून होते, धाकटीचं शेवटचं वर्ष होतं. हे सगळं तेव्हा मनात आलं की नंतर मी जुळवलं, कुणास ठाऊक. मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

शेवटी बाई म्हणाल्या, "वर्ग माझा आहे. जबाबदारी माझी."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं. तीन आठवड्यांनी पत्र आलं. शिकवण्याची पद्धत उल्लेखनीय आहे, परंतु नोंदी विश्वासार्ह नाहीत, सबब शिफारस करता येत नाही. करारही पुढे वाढवला नाही. मुलांपैकी कुणी बाईंना काही सांगितलं का, मला माहीत नाही. सांगायची गरजही नव्हती, शिक्का कुणाच्या खणात असतो ते सगळा विभाग जाणतो.

शेवटच्या दिवशी त्या कपाटाच्या किल्ल्या द्यायला आल्या. भिंगांचा खोका बरोबर नेणार होत्या. प्रयोगशाळेत आम्ही दोघीच. मी इतके दिवस जे बोलायचं टाळत होते ते आता उसनं अवसान आणून बोलले.

"मॅडम, तुम्हाला कळलं होतं ना? मग तेव्हाच माझं नाव का नाही घेतलंत?"

त्यांनी खोका टेबलावर ठेवला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"मी लगेच कुठे बोलले मावशी? मी थांबले होते की."

"कशासाठी?"

"तुम्ही बोलाल म्हणून."