सवालवाले अण्णा

अण्णा गेले तेव्हा त्यांचे किस्से मोजकेच होते. आता सांगलीत आम्ही जुनी मंडळी चहाला बसलो, की एक सांगतो, दुसरा दुरुस्त करतो आणि तिसरा भलताच नवा काढतो! मी त्यांचा तबलजी. स्टेजवर शेजारीच बसायचो, तेव्हा माझे तेवढे खरे धरा.

अण्णा माने फौजेतनं आलेले. दिवसा कापडदुकानात कापड फाडायचे आणि गणपतीत, उरुसात प्रश्नांचा खेळ चालवायचे; बरोबर उत्तराला मी तबल्यावर थाप द्यायचो. साठ सालानंतरची ती वर्षं. टीव्ही कुठला आमच्याकडं! साताऱ्यापासनं सांगलीपर्यंत लोकांना अण्णाच ठाऊक. बक्षीस दांडगं: नवी कोरी सायकल!

*

दर खेळाआधी अण्णा स्टेजमागं जाऊन ओकायचे.

मी म्हणालो, "आवं अण्णा, लढाई बघितलेला माणूस तुमी. इथं कसली भीती?"

"गड्या, लढाईत समोरच्याला माझा जीव पाहिजे असतो. इथं समोरच्याला सायकल पाहिजे. हे लय वाईट!"

*

कोरेगावात एका पहिलवानाचं शेवटचं उत्तर चुकलं. तो उठला, सरळ आला आणि त्यानं अण्णांचा गळाच धरला. माझा हात तबल्यावर तसाच थांबला.

अण्णांचा चेहरा लालबुंद. तशातही त्यांनी माईक तोंडाजवळ ओढला.

"मंडळी, पहिलवानांचं उत्तर गळ्यापर्यंत आलंय. पर गळा माझा हाय!"

मैदान हसलं. मग पहिलवानही हसला, आणि हात सुटला. पुढं आठवडाभर अण्णा उपरणं गुंडाळून दुकानात बसले.

*

आष्ट्याला ऐन खेळात लाईट गेली. पुढं बायकापोरं, मागं गच्च गर्दी. कुणीतरी ओरडलं, "साप!"

लोक उठायला लागले. एक पोर किंचाळलं. माईक बंद. तेव्हा अण्णांनी फौजेतला आवाज काढला:

"बसा खाली! उठला तो बाद! सायकलीचा सवाल अंधारातच हाय! सांगा, तुमच्या शेजारी कोण बसलंय?"

लोक बसले की! जो तो शेजाऱ्याचं नाव ओरडायला लागला. गॅसबत्त्या येईपर्यंत कुणी जागचं हललं नाही.

मी नंतर विचारलं, "आणि साप?"

"बसला असंल. बाद कशाला हुईल!"

*

कराडजवळच्या एका गावात बौद्धवाड्यातली कमल कांबळे खेळायला आली. मॅट्रिकला होती. पाटील म्हणाले, "तिला खुर्ची नको. खाली उभी ऱ्हाऊन सांगू दे."

कमल पायरीवरच थांबली. पाटलांच्या मागं दोघं-तिघं उठले. हातात काठ्या.

अण्णांनी स्वतःची खुर्ची उचलून मधोमध ठेवली. माईकवर म्हणाले, "पाटील, पयला सवाल तुमास्नी. पोरीनं बरोबर उत्तर दिलं, तर ते उत्तर बी खालीच ठिवायचं का?"

पाटील खाली बसले. काठ्याही खाली गेल्या. कमल वर येऊन बसली.

सायकल तिनंच जिंकली. चालवता येत नव्हती. ती हातात धरून नेली, आणि पार तिच्या दारापर्यंत अण्णा शेजारनं चालत गेले.

*

शेवटी अण्णा सांगलीच्या स्टेजवरच छाती धरून बसले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरणे होते. अण्णा शुद्धीवर आहेत का हे बघायला विचारू लागले, "नाव काय? गाव कुठलं? आज वार कोणता?"

अण्णांनी सगळी उत्तरं दिली. मग म्हणाले, "डॉक्टर, आता माझा एक सवाल. मी वाचतोय का?"

डॉक्टरांनी नाडी धरली. खिडकीकडं बघितलं. पुन्हा नाडीकडं बघितलं. अण्णांची बायको, आमच्या वहिनी, पदर तोंडाशी घेऊन उभ्या होत्या.

अण्णा हसले.

"वेळ संपली," ते म्हणाले, आणि वहिनींकडं वळले. "डॉक्टरांना उत्तेजनार्थ च्या दे."