नापास आवाज

मशीनताईच्या चाळीस वाक्यांपैकी एकोणतीस नापास झाली, आणि त्यातली बहुतेक मी केली होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे सारवासारव करायची वेळ येणार नाही.

मशीनताई म्हणजे शिलाई मशीन दुरुस्त करणारी बाई. बाजाराच्या मागच्या गल्लीत तिचं दुकान, वडिलांकडून आलेलं. आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. गिऱ्हाईक तक्रार सांगू लागलं की ती हातानेच 'थांबा' म्हणायची, चाकाला एक फेरा द्यायची, कान लावायची आणि बिघाडाची जागा दाखवायची. बोलणं कमी, कारण बोलताना अडखळायची. 'क' आणि 'प' हे तिचे जन्माचे वैरी, बाकीची अक्षरंही अधूनमधून दगा द्यायची. शब्द घशात अडकायचा, मान ताठ व्हायची, समोरचा माणूस नजर चुकवायचा, नाहीतर तिचं वाक्य आपणच पुरं करून टाकायचा. त्यावर तिने एक युक्ती काढली होती. अडणारा शब्द टाळायचा, दुसरा घ्यायचा. 'कात्री' अडली तर 'धारेचं ते द्या' म्हणायचं. पन्नाशीपर्यंत तिचा असा गनिमी कावा चालला.

तो फसला वडिलांच्या डोळ्यांच्या वेळी. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीची वेळ फोनवर घ्यायची होती. इस्पितळाने नवीन सोय केली होती, फोन उचलायला माणूस नाही, यंत्र. 'रुग्णाचं नाव सांगा,' यंत्र म्हणालं. वडिलांचं नाव 'प'वरून. आणि नावाला दुसरा शब्द कुठून आणायचा? ती 'प'वर अडली, यंत्र तीन सेकंद थांबलं, 'माफ करा, आपलं बोलणं समजलं नाही' म्हणालं आणि फोन बंद. पाच वेळा हेच. शेवटी धाकट्या भावाच्या बायकोने फोन हातातून घेतला.

"द्या ताई, मी बोलते. आजवर मीच बोलत आले ना?"

भावजय मनाने चांगली होती, टोमणा मारायचा म्हणून बोलली नव्हती. पण मशीनताईला ते 'आजवर' लागलं.

आता आमच्याविषयी. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी आम्ही वीसेक माणसं जमायचो. आपल्या भाषेतलं बोलणं यंत्रांना समजावं म्हणून लोकांचे आवाज गोळा करायचं काम होतं. कुणा कंपनीचं नाही, लोकांनीच उभं केलेलं, आणि जमा झालेला साठा कुणीही फुकट वापरावा असा. इस्पितळाचं यंत्रही ह्याच साठ्यावर शिकलेलं होतं. पद्धत सोपी. पडद्यावर वाक्य येतं, ते वाचायचं. मग तिघे तपासनीस ते ऐकतात, तिघांनीही 'बरोबर' म्हटलं तरच पास. मी तपासनीस. सदतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा केलेला माणूस. माझा उच्चार ऐकून लोक घड्याळं लावत, असं निदान मी तरी सांगायचो.

तिला तिथे आणलं तिच्या एका गिऱ्हाइकाने, शिवण शिकवणाऱ्या आणि आमच्यात येणाऱ्या बाईंनी. पहिल्या रविवारी ती चाळीस वाक्यं वाचून गेली. दिलेलं वाक्य वाचायचं म्हणजे शब्द बदलायची सोय नाही, तिच्यासाठी ही केवढी परीक्षा होती ते मला तेव्हा कळलं नाही. मी हेडफोन कानाला लावून ऐकलं, 'अस्पष्ट', 'अस्पष्ट', 'शब्द पुन्हा उच्चारला' असे शेरे मारत गेलो आणि चहा प्यायला उठलो.

पुढच्या रविवारी ती माझ्या टेबलासमोर उभी. हातात निकालाचा कागद.

"हे क-क-कुणी केलं?"

"मी," म्हणालो. "वाईट वाटून घेऊ नका. यंत्राला शुद्ध शिकवायचं तर साठा शुद्ध हवा. वाईट सवयी लागतील त्याला."

ती पहिल्याच शब्दावर अडली. मी सवयीने तिचं वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तर तिने गिऱ्हाइकाला थांबवायची तशी हाताने मला थांबवलं. मग बोलली, एकेक शब्द ओढून काढत.

"माझ्या दुकानात चालू मशीन कुणी आणत नाही. बि-बिघडलेलंच आणतात. मी फक्त चालू मशीनं बघून शिकले असते तर मला काय येणार होतं?"

आमच्या कामाची व्यवस्था बघणारा, जाड भिंगाच्या चष्म्याचा एक संगणकवाला होता. त्याला आम्ही चष्मेबहाद्दर म्हणायचो. तो टेबलाजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, नियम सगळ्यांनी मिळून केलेत," तो म्हणाला. "मी एकटा बदलू शकत नाही."

"मग सगळ्यांना बो-बोलवा."

बोलावलं. त्या बैठकीत मीच सगळ्यात जास्त विरोध केला, आणि ओघवत्या भाषेत केला. ती उभी राहिली तेव्हा तिच्यापाशी ना ओघ ना भाषण. एका अडखळीत भिंतीवरच्या घड्याळाचा काटा अकरा सेकंद पुढे गेला, मी मोजले. मग शब्द आला. "फोन मी पण क-करते. तुमच्या यंत्राच्या लेखी मी माणूस नाही."

चष्मेबहाद्दराने मधला मार्ग सुचवला. अशा आवाजांचा वेगळा गठ्ठा करायचा, नापास म्हणून नव्हे, 'अडखळत बोललेलं' अशी चिठ्ठी लावून. प्रत्येक वाक्याखाली दोन ओळी, काय म्हणायचं होतं आणि खरोखर काय बोललं गेलं. पण एका माणसाच्या आवाजावर यंत्र काही शिकत नाही. निदान शंभर माणसं हवीत.

"आणते," ती म्हणाली. ह्या शब्दावर ती अडखळली नाही.

आणि बाई इरेला पेटली. दुपारी दुकान दोन तास बंद ठेवायची आणि रेकॉर्डिंगचं यंत्र पिशवीत घालून फिरायची. लोक काही पायघड्या घालून वाट बघत नव्हते. अडखळणारा माणूस आपला आवाज मुद्दाम कशाला जगाला ऐकवेल? एका शिक्षकाने दार लावून घेतलं. भाजी विकणाऱ्या एका माणसाने हात जोडले, "ताई, झाकली मूठ राहू द्या." ती त्याच्याकडे तीन आठवडे भाजी घेत राहिली. चौथ्या आठवड्यात तो स्वतःच म्हणाला, "चला, क-काय वाचायचंय?"

एका घरी तर दारातच बाई म्हणाल्या, "आमचे हे आता बोलत नाहीत हो. झटका आल्यापासून." आतून आवाज आला, जड, ओढलेला, "बो...ल...तो." बाईंनी पदर तोंडाला लावला. आठ महिन्यांत त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, सगळे बायकोला विचारायचे. त्या गृहस्थांनी त्या दिवशी सहा वाक्यं वाचली आणि उद्या पुन्हा या म्हणून बजावलं.

माझं काय झालं ते सांगतो. गठ्ठा वाढला, पण त्याखालची दुसरी ओळ लिहायला माणूस मिळेना. कुठे अडलं, कोणतं अक्षर किती वेळा आलं, श्वास कुठे तुटला, हे टिपायला कान लागतो. चष्मेबहाद्दर माझ्याकडे बघेना, मशीनताई मात्र सरळ माझ्यासमोर येऊन बसली.

"तुमच्याइतका क-कान इथे कुणाचा नाही."

"मी तुमचा विरोधक ना?"

"म्हणूनच. तुमच्याकडून चूक सुटायची नाही."

मी वही पुढे ओढली. पहिलं वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. सदतीस वर्षं मी बोलत आलो होतो, ऐकायला त्या माडीवर शिकलो.

एक अडचण राहिली. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅमच तीन सेकंद शांतता झाली की बंद पडायचा, त्यामुळे लोकांची वाक्यं अर्धीच उतरायची. तो प्रोग्रॅम लिहिणारी बाई दुसऱ्या देशात, आमच्यापैकी कुणी तिला पाहिलेलं नाही, तीही बिनपगारीच. चष्मेबहाद्दराने तिला निरोप पाठवला. तिचं उत्तर आलं, "किती थांबू?" मशीनताईने समोर बसून घड्याळ लावून टिपलेल्या आमच्या वह्या मागवल्या, सगळ्यांत लांब अडखळ शोधली आणि कळवलं, "पंधरा." दोन दिवसांत बदल झाला. इस्पितळाशी बोलणी मात्र सात महिने चालली. तिथल्या साहेबांचं म्हणणं, इतका वेळ थांबलं तर बाकीचे खोळंबतील. मशीनताई दर सोमवारी जाऊन त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायची. शेवटी कंटाळून का होईना, त्यांनी नवीन साठ्यावर यंत्र शिकवून पाहायला हरकत घेतली नाही.

एकशे बारा माणसं झाली होती तेव्हा. चाचणीत जुन्या यंत्राला अशा दहा वाक्यांपैकी दोन समजायची, नव्याला सात. तीन अजून नाहीच. चष्मेबहाद्दराला सात म्हणजे दिवाळी वाटली. मशीनताई म्हणाली, "ज्याचं तिसऱ्यांदाही समजलं नाही त्याला मा-माणूस जोडून द्या." ती सोयही करून घेतली.

वडिलांच्या पुढच्या तपासणीला तिने दुकानातूनच फोन लावला. भावजय नेमकी डबा घेऊन आली होती, तिचा हात आपसूक पुढे झाला आणि मागे गेला. 'रुग्णाचं नाव सांगा.' मशीनताई 'प'वर अडली. यंत्र थांबलं. अजून थांबलं. नाव आलं. यंत्राने ते परत म्हणून दाखवलं, आडनाव चुकीचं. तिने पुन्हा सांगितलं, ह्या वेळी बरोबर. मंगळवार, सकाळी दहा.

फोन ठेवून ती म्हणाली, "आडनाव चुकतंय अजून. नावं जास्त वाचून घ्यायला हवीत." भावजयीने डबा काउंटरवर ठेवला, डोळे पुसले आणि विचारलं, "ताई, रविवारी मी आले तर चालेल? मला भरभर लिहिता येतं."

भावजय आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. पहिल्याच दिवशी तिने माझ्या वहीतल्या दोन चुका काढल्या.