सहा पायांची तपासनीस

माणूस रोज डायरी लिहू लागला की किस्से आपोआप साठत जातात, आमच्या लॅबच्या खणात रंगवलेल्या कापडाचे तुकडे साठायचे तसे. फेकवत नाहीत, आणि हवा तो तुकडा वेळेवर सापडत नाही! हे पाच-सहा मात्र मी वर काढून ठेवले आहेत.

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मी लॅबमध्ये होतो. राहायला बदलापूरला, बेलवलीत. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं लॅबमागच्या गवतात फुलपाखरं बघायचो. मी, म्हणजे सावंत, हातात डायरी घेऊन. दुसरा कांबळे, आमचा शेड मॅचिंगवाला. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन आलं की कांबळे एकदा बघायचा आणि कुठला रंग किती थेंब ते सांगायचा. तिसऱ्या भोईर मावशी. चिखलोलीहून यायच्या, लॅब झाडायच्या आणि आम्हाला झाडांची नावं सांगायच्या.

लॅबचा एक नियम होता. रजिस्टरमध्ये प्रत्येक सॅम्पलपुढे दोन सह्या लागायच्या. एक परीक्षण करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. एकाच सहीवर माल गेटबाहेर जात नसे. ही सवय इतकी मुरली होती की मावशींनी चहा आणला तरी कांबळे घोट घेऊन म्हणायचा, "मी परीक्षण केलं. सावंत, तू तपास. मग साहेबांना जाऊ दे!"

*

उल्हासनगर कॅम्प एकमधून हिरानंद नावाचे कापडवाले यायचे. एकदा त्यांनी पांढऱ्या कापडाचे दोन तुकडे आणले. म्हणाले, "साईं, दोन्ही एकच माल आहे. एक ही थान का! फक्त सही मारो."

कांबळेने दोन्ही तुकडे खिडकीतल्या दोरीवर लावले. दिवसाउजेडी बघितल्याशिवाय तो पांढरा रंगही पास करत नसे. आम्हा तिघांनाही ते सारखेच दिसले. तेवढ्यात बाहेरून एक पांढरट फुलपाखरू आलं आणि डावीकडच्या तुकड्याला घिरट्या घालू लागलं. उजवीकडे फिरकेना. कांबळेने तुकड्यांची जागा बदलली. फुलपाखरूही बाजू बदलून गेलं! मी डायरीत खुणा करत होतो. दहापैकी आठ वेळा तोच तुकडा.

"सावंत, याला काहीतरी दिसतंय, आपल्याला दिसत नाही," कांबळे म्हणाला.

लॅबमध्ये अल्ट्राव्हायोलेट दिव्याची पेटी होती. दोन्ही तुकडे आत ठेवले. एक निळसर चमकला, दुसरा मंद राहिला. एकाला पांढरेपणा वाढवणारं केमिकल लावलेलं, दुसऱ्याला नाही. दोन वेगळे माल! आपल्या डोळ्यांना न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट उजेड फुलपाखरांना दिसतो आणि त्यावरून नर आपली मादी ओळखतात, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. कांबळेला त्या दिवशीच पटलं होतं.

हिरानंदांनी फुलपाखराकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "साईं, ये वाला किती पगार घेतो? माझ्या दुकानात पाठवा ना!"

*

दातार साहेब नवीन मॅनेजर म्हणून आले ते थेट नियम घेऊनच. पहिला हुकूम, लॅबची खिडकी कायम बंद. धुळीने सॅम्पल खराब होतं. आम्ही कडी घातली.

मे महिन्यात साहेब कंपाउंडची पाहणी करत होते. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. एक फुलपाखरू आलं, त्यांच्या मानेवर बसलं, गुंडाळलेली सोंड सोडली आणि घाम प्यायला लागलं. साहेबांनी हात उचलला.

"साहेब, हलू नका!" कांबळे ओरडला. साहेब खरोखरच थबकले.

"काय करतंय ते?"

"मीठ तपासतंय, साहेब."

साडेतीन मिनिटं आमचे मॅनेजर पुतळ्यासारखे उभे होते. वेळ मी घड्याळात बघून लिहिली आहे. फुलपाखरू उडालं तेव्हा साहेबांनी मान पुसली आणि हळूच विचारलं, "पास का?"

*

लॅबमागे नळाजवळ कागदी लिंबाचं झाड होतं. काळ्या फुलपाखराची एक मादी तिथे यायची. पानावर उतरली की पुढचे पाय भराभर आपटायची, मग दुसऱ्या पानावर. मावशी केरसुणी थांबवून बघत राहिल्या.

"ही काय दार ठोकते?"

मी म्हणालो, "मावशी, तिची चव पायांत असते. पान आपल्या पिल्लांच्या उपयोगाचं आहे का ते पायांनी चाखते. पटलं तरच अंडं घालते."

मला वाटलं, मावशी हसतील. त्या म्हणाल्या, "त्यात काय नवल? बाजारान भेंडी घेताना आमी टोक मोरून बघतंव. भाजीवाला वरडला तरी बघतंव. आय झाली का बाईला हे येतंच!"

त्या दिवसाच्या पानावर डायरीत फक्त भेंडीचं वाक्य आहे. माझं मी खोडलं.

*

हा किस्सा तेव्हा मी कुणाला सांगितला नव्हता.

तीन दिवसांच्या सुट्टीनंतर मी लॅबचं दार उघडलं आणि रुमाल नाकाला लावला. आंबूस, दारूसारखा वास. कांबळे माझ्या आधी आला होता, टेबलाशी शांत बसून लिहीत होता. बंद खिडकीच्या काचेवर बाहेरून एक तपकिरी फुलपाखरू धडका देत होतं. ती जात फुलांवर जात नाही. तिला सडकं, आंबलेलं फळ लागतं.

मी कांबळेचा खण ओढला. मावशींनी दिलेले फणसाचे गरे. पार सडलेले.

"कांबळे, तुला वास येत नाही?"

त्याने पेन खाली ठेवलं. काचेकडे बघितलं. म्हणाला, "त्याला येतोय, म्हणजे असणार."

इतकी वर्षं सॉल्व्हंटच्या वाफेत काढल्यावर नाक गेलं होतं. दीड वर्ष झालं होतं म्हणे. रंगांवर काही परिणाम नव्हता, पण लॅबमध्ये ज्याला वास येत नाही त्याला ठेवत नसत. गळती कशी कळणार? त्याची बदली गोदामात व्हायची, पिंपं लोटायला. ज्याला हिरव्याच्या बावीस छटा तोंडपाठ, तो पिंपं लोटणार!

"डायरीत लिहू नकोस," कांबळे म्हणाला.

मी नाही लिहिलं. माझ्या डायरीतली ती एकच कोरी तारीख.

*

पण अशी गोष्ट लपत नाही. एका सकाळी दातार साहेब लॅबमध्ये आले आणि कांबळेच्या टेबलावर तीन बाटल्या ठेवल्या. तिन्हींत एकसारखं फिकट पाणी.

"तीन झाडांचा पाला वाटून गाळलाय. कडुनिंब, पेरू आणि लिंबू. लिंबू कुठलं ते लिहून द्या. चार वाजेपर्यंत. सावंत, तुम्ही मध्ये पडायचं नाही."

साहेब गेले. मी कुजबुजलो, "मी खोकतो. जितक्या वेळा खोकेन तो नंबर."

"नको," कांबळे म्हणाला. "साहेबांनी लिहून मागितलंय. वास घ्या असं म्हणाले का?"

मग तो उठला आणि रंगाच्या बाटल्या काढल्या. सुती कापडाचे पानाएवढे तुकडे कापले. लिंबाचं एक पान समोर ठेवून तो हिरवा मिसळायला बसला. पहिला नापास. दुसरा नापास. पाचव्या वेळी तुकडा पानाशेजारी ठेवला तर मला पान कुठलं ते कळेना! आयुष्यातलं सर्वांत सुंदर मॅचिंग त्याने त्या दिवशी केलं. तुकडे तीनदा धुतले, वाळवले, एकेक बाटलीत बुडवले आणि मागच्या लिंबावर दोऱ्याने बांधले. एक, दोन, तीन.

आणि आम्ही बसलो. एक वाजला. दोन वाजले. झाडावर चिटपाखरू नाही. मावशी डबा न खाताच उभ्या.

"कांबले दादा, नाय आली तर?"

"येईल. बाई आहे, जागा बघायला येतेच."

तीन वाजून दहा मिनिटांनी काळी आली. आधी खऱ्या पानांवरून फिरली. मग एक नंबरवर उतरली, पाय आपटले, उडाली. तीन नंबरवर उतरली. आपटले, उडाली. दोन नंबरवर उतरली. आपटले. थांबली. पुन्हा आपटले. पोट वाकवलं.

मावशींनी माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

चार वाजता कांबळेने रजिस्टर साहेबांपुढे ठेवलं. "बाटली नंबर दोन, लिंबू." तपासणाऱ्याच्या जागी कांबळेची सही, नेहमीसारखी गोलाकार. परीक्षण करणाऱ्याच्या जागी हिरव्या कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला, त्यावर मोहरीएवढं पिवळसर अंडं.

साहेबांनी भिंग मागितलं. अंडं बघितलं. मग तुकडा बोटांनी चाचपला, पान नाही हे कळायला त्यांना तेवढा वेळ लागला. सगळं त्यांच्या लक्षात आलं होतं, चेहऱ्यावरच दिसत होतं. 

"कांबळे," साहेब म्हणाले, "मग या लॅबमध्ये वास घ्यायचं काम कोण करणार?"

"खिडकी उघडी असली की होतं, साहेब."

साहेबांनी पेन काढलं, दोन्ही सह्यांखाली तिसरी केली. मग उठले, खिडकीपाशी गेले आणि स्वतःच्या हाताने कडी काढली.