रूपरावांचं वैराग्य

हिंगणीचे रूपराव वांगी पिकवायचे आणि भांडायचे. दोन्ही मन लावून. सेलूच्या बाजारात दलालाशी त्यांचं वाजलं नाही, तर बाजार भरला असं कोणी मानत नसे. असा माणूस एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यापासून निवांत झाला. दलाल म्हणेल तो भाव कबूल. शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसले की बसले. बायको मनकर्णाबाई रागावली तरी नुसती मान हलवणार. आठवड्याची दाढी महिन्यावर गेली आणि खाट माजघरातून ओसरीत आली.

आमच्या गावाला एवढा पुरावा पुरे. भजन मंडळाच्या नानाजींनी सांगून टाकलं, रूपरावांना वैराग्य आलं. एकादशीला त्यांना टाळकऱ्यांच्या पुढे बसवून बुक्का लावला. बाया पोरांना पाया पडायला आणू लागल्या. रूपराव बसल्या बसल्या डुलकी घेत. लोक तिला समाधी म्हणत.

मनकर्णाबाईला ही समाधी जवळून ठाऊक होती. घामाघूम होऊन झोपेतून उठणारा, बादली उचलताना दम लागणारा साधू तिनं पाहिला नव्हता. तरी मनात एक बोच होतीच, की यांना आपलाच कंटाळा आला असेल. एक दिवस वांगी तोडता तोडता ती म्हणाली,

"देवाकडं जाऊन राह्यले तं जा. पण मले सांगून जा."

रूपरावांनी टोपलं खाली ठेवलं. मग म्हणाले, "देवगिव काई नाई व. अंगात जीवच राह्यला नाई. तुह्याजवळ यायचं मनातच येत नाई. लाज वाटते."

"मंग पाया काऊन पडू देता?"

"बिमार माणसाले लोकं विचारतात, काय होते म्हणून. महाराजाले कोणी नाई विचारत."

तिनं त्यांना सरळ वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जुने आजार विचारले; रूपराव नाही नाही म्हणत राहिले. मनकर्णाबाईनंच सांगितलं, मागं गालफुगी झाली होती, आणि सूज गालावर न थांबता कमरेखालीही उतरली होती. डॉक्टरांनी तपासलं, सकाळी बोलावून दोनदा रक्त घेतलं. मग समजावलं, पुरुषाच्या अंगात एक रस तयार होतो, तो त्या सुजेनं आटला आहे. थकवा, उदासी, न वाढणारी दाढी, सगळं त्यातलंच. लाजण्यासारखं काही नाही. इंजेक्शन घेत राहायचं, मधून मधून रक्त तपासायचं, आणि पैलवान होण्याची आशा धरायची नाही.

पुढच्या एकादशीला रूपराव मागच्या रांगेत बसले. मी महाराज नाई, बिमार आहो, वर्ध्याले सुई घेतो, असं त्यांनी सगळ्यांदेखत नानाजींना सांगितलं. नानाजी हिरमुसले. हाताशी आलेला साधू कोण सहज सोडतो?

फरक हळूहळू पडला. काही दिवस बरे जात, काही तसेच. मनकर्णाबाई दर खेपेला सोबत जाई. एकदा सुई देणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, एवढ्यासाठी बाईंना कशाला आणता, एकटे येत जा.

"एकट्यानं लय दिवस काढले, बाई," रूपराव म्हणाले.

मनकर्णाबाई तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहू लागली. मग डोळ्याला पदर लावला, आणि सेलूची गाडी चुकेल म्हणून त्यांच्यावरच खेकसली.