ढोलातली रुई

धुळ्याहून दिराचा फोन आला तेव्हा मी भरताची वांगी भाजत होते. "वहिनी, दादा गया," एवढंच ते म्हणाले आणि मी चिडून विचारलं, "आता आणखी कुठं गेले? जेवायला घरी येतो म्हणून निघालेत. दोघांची वांगी घातलीत मी." पलीकडून रडणं ऐकू आलं. नवरा गेल्याची बातमी मला अशी कळली, आणि खरं सांगायचं तर मला आधी राग आला. छातीत भरून येतं हे ते भावाला सांगत होते म्हणे, मला नाही. आणि जळगावहून धुळ्याला गेले होते कशासाठी, तर स्पीकर बघायला. घरात एक ढोल होता, त्याला जोडीला दुसरा करायचा होता.

आता काही आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याबद्दल लिहा, चार चांगल्या आठवणी लिहा, असं मला सांगण्यात आलं. भेटायला येणारा प्रत्येक जण दिलीपराव म्हणजे देवमाणूस होते असं सांगून चहा पिऊन जातो. त्यातल्या एकालाही त्यांच्याबरोबर एका घरात राहावं लागलेलं नाही. मी राहिले, म्हणून मला जे आठवतं तेच लिहिते.

ढोल हे त्यांनी दिलेलं नाव. मी त्याला पिंप म्हणायचे. गाण्यातला जो खालचा, धडधडणारा आवाज असतो तो वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचं ते खोकं होतं, फक्त गोल. बाजारात चौकोनी मिळतं, तयार मिळतं, पण तयार वस्तू घरात आणली तर ते आमचे हे कसले! तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी नशिराबादच्या एका भंगारवाल्याकडून पाणीपुरवठ्याचा जाड पाईप रिक्षात उभा करून घेऊन आले. माझ्या कमरेला लागेल एवढी उंची, आणि रुंदी अशी की दोन्ही हातांनी कवेत घ्यावा लागे. "खोकं चौकोनी ऱ्हास, तठे आवाज कोपरामा अडकस," ते मला समजावत होते. "गोलमा अडकाले जागाच नई." धुळ्याकडचा माणूस, सगळा जन्म जळगावात काढला तरी घरात अहिराणीच बोलायचा. मी म्हटलं, "आवाजाला नसेल, मला अडकायला भरपूर जागा झाली आहे." कारण तो पाईप त्यांनी पुढच्या खोलीच्या दारातच उभा केला होता.

मग कित्येक महिने आमचं घर म्हणजे कारखाना. जाड प्लायवूडच्या दोन गोल चकत्या, एक खाली, एक वर. खालच्या चकतीला भोक पाडून त्यात स्पीकर तोंड खाली करून बसवला, आणि ढोलाला चार पाय लावून तो जमिनीपासून उचलला. वरच्या चकतीत हवा ये-जा करायला बारीक पाईप. भुसा माझ्या डाळीत, भुसा देवघरात. बाहेरून काळं रेक्झिन चिकटवल्यावर एरंडोलच्या आत्याबाई आल्या होत्या. त्यांनी त्यावर थाप मारून विचारलं, "बाजरी किती पायल्या बसते गं हिच्यात?" त्यांना ती धान्याची कणगी वाटली. हे रुसून गच्चीवर गेले, आणि मी आत्याबाईंना मुद्दाम दुसऱ्यांदा चहा केला.

आवाजाबद्दल काय सांगू? शोकेसमधले कप चालत चालत कडेला यायचे. शेजारच्या काकू भिंतीवर लाटणं आपटायच्या, तर यांना ते ठेक्यात वाटायचं. "आवाज कानले नई, छातीले लागाले जोयजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आणि लोक आता म्हणतात, दिलीपरावांना गाण्याचं वेड होतं. कसलं वेड? त्या माणसानं एक गाणं कधी शेवटपर्यंत ऐकलं नाही. ढोलकीची थाप आली की थांबवायचं, मागं न्यायचं, तीच थाप पुन्हा. गाणारीनं तोंड उघडलं की बंद. माझंही तेच. मी बोलायला लागले की दुसऱ्या वाक्याला हे उठून पक्कड शोधायला जायचे.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. अशा खोक्यात आतून मऊ काहीतरी भरतात, म्हणजे आवाज घुमत नाही. कुठल्याशा इंग्रजी व्हिडिओत त्यासाठी 'कॉटन' म्हटलं होतं. यांनी त्याचा कापूस केला आणि असोद्याला माझ्या चुलतभावाला फोन लावला, "एक गोणी कापूस पाठव." आमच्याकडे शेतकऱ्याला कापूस मागितला तर तो शेतातला कापूसच देणार, बोंडातून काढलेला, सरकीसकट, म्हणजे आतल्या बियांसकट. सरकी काढली की ती रुई. जळगाव जिल्ह्यातलं लहान पोरही हे जाणतं. मी दारात गोणी बघितली आणि म्हटलंही, "अहो, यात सरकी आहे." "कापूसच शे ना? यामा बठ्ठा लोक कापूसच भरतस," असं म्हणून त्यांनी ती गोणी ढोलात ठासली आणि वरून झाकण पक्कं केलं. पहिल्याच थापेला आतून सरकी अशी तडतडायला लागली की बस्स. पुढच्या पंधरवड्यात उंदरांना पत्ता लागला. ते बारीक पाईपातून आत जायचे. माझ्या माहेरच्या कापसात खोट आहे, असा निकाल यांनी दिला.

त्यानंतर मी आईच्या आजारपणासाठी असोद्याला राहायला गेले. परत आले तर पलंगावर गादी नव्हती. निळ्या पट्ट्यांचं तिचं कापड तेवढं नीट घडी करून ठेवलेलं होतं... ती गादी माझ्या वडिलांनी दिलेली. घरच्या वावरातला कापूस, त्यांनी स्वतः वेचलेला, जिनिंगमधून रुई करून आणलेला, आणि पिंजाऱ्याला अंगणात बसवून समोर भरून घेतलेला. माझ्या लग्नानंतर पुढच्या उन्हाळ्यात वडील गेले. त्यांच्या हातचं म्हणावं असं माझ्याकडे तेवढंच होतं. मी विचारलं, गादी कुठं आहे? यांनी ढोलाकडे बोट केलं. "गादी जुनी व्हई गयती. रुई कामले तं उनी ना. आयक, आते कसा वाजस ते." आणि त्यांनी मला तो वाजवून दाखवला. आवाज खरंच चांगला होता, खोल आणि मऊ, कुठं काही फाटत नव्हतं. त्याचीच मला जास्त चीड आली.

मी किती दिवस बोलले नाही ते मोजलं नाही. बोलायला लागले ते रुई मागण्यासाठीच. "सील करेल शे," ते म्हणायचे. "उघडं तर सगळं पुन्हा करनं पडी." मग नुसते वायदे: दिवाळीनंतर, उन्हाळ्यात, गणपती झाल्यावर. आम्ही दोघं फोमच्या गादीवर झोपायचो, माझी पाठ धरायची, आणि पुढच्या खोलीत माझ्या बापाच्या कष्टाचा कापूस यांच्या ढोलकीचे धक्के खात असायचा. हे मी त्यांना याच शब्दांत ऐकवलं होतं. त्यावर ते हसले. ते हसणं मी माफ केलेलं नाही, आणि माणूस मेला म्हणून करणारही नाही.

तेराव्यानंतर दीर म्हणाले, दादाची आठवण म्हणून ढोल धुळ्याला नेतो. मी म्हटलं, "न्या भाऊजी, पण उद्या." आणि त्या दुपारी दार लावून, स्क्रू ड्रायव्हर आणि भाजीची सुरी घेऊन मी तो फोडायला बसले. फोडायला म्हणते कारण सहज उघडेल तर ना! स्क्रूवर स्क्रू, त्यावर सुताराची लांबी, त्यावर सिलिकॉन. संडासाचं दार वर्षानुवर्षं लागत नव्हतं, पण या झाकणाच्या कडेला मुंगीला शिरायला फट नाही. हाताला फोड आले. रुई निघाली ती माझ्याच एका जुन्या साडीत गुंडाळलेली, थरावर थर, आणि ती साडी हरवली म्हणून मी कामवालीशी भांडले होते. मी रुई काढली, झाकण जसं जमेल तसं लावलं. चार दिवसांनी दिराचा फोन. "वहिनी, आवाज नुसता घुमस हो. आतलं काही काढं का तुमी?" मी म्हटलं, "माझं होतं तेवढं काढलं."

रुईची गोणी घेऊन मी गादीच्या कारखान्यात गेले. तिथल्या माणसानं रुई बोटांत घेऊन ओढून बघितली आणि म्हणाला, "धागा चांगला आहे ताई, नुसती दबली आहे. पिंजली की फुलेल." निळ्या पट्ट्यांचं कापड मी बरोबर नेलं होतं. त्यानं टेप काढली आणि सहज विचारलं, "सिंगल करू की डबल?" मी म्हटलं, "डबल." तोंडून गेलंच. मग ते खोडायला मला जमेना. ढोलात मावली तेवढीच रुई उरली होती; तो म्हणाला, डबलला ती पुरायची नाही, नवी घालावी लागेल. म्हटलं, घाला.

आता ती गादी पलंगावर आहे. अर्धी वडिलांची, अर्धी बाजारची. मी माझ्या कडेलाच झोपते, भिंतीकडे तोंड करून, कारण एवढ्या वर्षांत दुसऱ्या कुशीवर झोपायची सवयच राहिली नाही, तिकडून घोरणं यायचं. मधे हात पसरायला भरपूर जागा आहे. ती मला नको होती, दिलीपराव. मला फक्त माझी गादी हवी होती.